उन्हाळी सुट्टीतील परदेशी मिशनसेवा : प्रथमच जाणाऱ्या तरुणांसाठी मार्गदर्शन

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाऊन तेथील मंडळीबरोबर, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाबरोबर, काही आठवडे सेवा करावी, असे अनेक ख्रिस्ती तरुण-तरुणींना मनापासून वाटते. ही ओढ नवी नाही. १८०६ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी जमले असता वादळ आले, तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले आणि परदेशात सुवार्ता नेण्याविषयी त्यांनी तेथेच प्रार्थना केली. त्यांच्यापैकी काहींच्या पुढाकारातून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था स्थापन झाली. १९५७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर हा महाविद्यालयीन विद्यार्थी दोन मित्रांसह शुभवर्तमानाचे साहित्य घेऊन मेक्सिकोत गेला, आणि पुढे ऑपरेशन मोबिलायझेशन या नावाने वाढलेल्या कार्याचा तो आरंभ ठरला.

त्या काळात आणि आजच्या काळात मात्र एक मोठा फरक आहे. आज तुम्ही जेथे जाल तेथे बहुधा मंडळी आधीच उभी असते, तिचे पाळक असतात, तिची शब्बाथशाळा चालू असते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी तिचे वर्षानुवर्षांचे संबंध असतात. तुम्ही जाणार ते त्या मंडळीचे पाहुणे आणि तिच्या हाताखालचे मदतनीस म्हणून. तयारीचे कोणतेही काम करताना, मग तो व्हिसा असो, पैसा असो वा साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव लोकांपुढे सांगणे, असो, हे डोळ्यांपुढे ठेवले तर निम्म्याहून अधिक अडचणी आधीच टळतात.

पायरी १ : विचार आधी आपल्या मंडळीपुढे ठेवा

जाण्याच्या आठ-नऊ महिने आधी आपल्या पाळकांशी बोला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) आपण होऊन निघालेले दिसत नाहीत. अंत्युखियाची मंडळी उपवास व प्रार्थना करते, त्यांच्यावर हात ठेवते आणि त्यांना पाठवते. १४ व्या अध्यायाच्या शेवटी ते त्याच मंडळीकडे परत येतात आणि देवाने काय केले ते तिला सांगतात. पाठवणी आणि परतीचा वृत्तांत या दोन्ही गोष्टी मंडळीच्या असतात, आणि म्हणून निर्णयही एकट्याचा असू नये.

पाळकांना स्पष्ट मत विचारा आणि ते ऐकण्याची तयारी ठेवा. जो तरुण आपल्या मंडळीत मुलांना शिकवत नाही, आजाऱ्यांच्या भेटीला जात नाही किंवा उपासनेनंतर खुर्च्या उचलायला थांबत नाही, त्याने त्या सेवेची सुरुवात परक्या देशात करू नये असे माझे ठाम मत आहे. अशा तरुणाने हे वर्ष घरच्या मंडळीत घालवावे आणि पुढच्या उन्हाळ्याचा विचार करावा. देश पाहण्याची इच्छा, मित्र जात आहेत म्हणून जाणे, घरातील ताणापासून दूर जाण्याची गरज, ही कारणे मनात असतील तर ती पाळकांपुढे मोकळेपणाने मांडा. मिसळलेल्या हेतूंमुळे कोणी अपात्र ठरत नाही, परंतु ते लपवले तर परदेशातील तिसऱ्या आठवड्यात ते हमखास वर येतात.

आईवडिलांची संमती हीसुद्धा याच पायरीचा भाग आहे. वय १८ पेक्षा कमी असेल तर अनेक देश आईवडिलांचे लेखी व नोटरी केलेले संमतिपत्र मागतात.

पायरी २ : संस्था पारखून घ्या

संस्थेच्या पत्रकातील छायाचित्रांवरून तिची पारख होत नाही. तुम्हाला तेथे कोणी बोलावले आहे, हा पहिला प्रश्न विचारा. यजमान मंडळीचे वा स्थानिक संस्थेचे नाव, तेथील जबाबदार व्यक्ती आणि त्यांनी मागितलेले काम ही तीन उत्तरे स्पष्ट मिळाली नाहीत, तर तो कार्यक्रम बहुधा पाठवणाऱ्यांच्या सोयीसाठी आखलेला असतो.

काम कोणते आहे यालाही फार महत्त्व आहे. १९९८ साली मिच या चक्रीवादळाने होंडुरासमध्ये मोठा विध्वंस केल्यानंतर अनेक परदेशी मिशन गटांनी तेथे जाऊन घरे बांधली. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी पुढे त्या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा परदेशी गटाने बांधलेले घर आणि स्थानिक संस्थेने बांधलेले घर यांमुळे कुटुंबांच्या जीवनात म्हणण्यासारखा फरक पडलेला त्यांना आढळला नाही. गटांच्या प्रवासखर्चात मात्र आणखी कितीतरी घरे उभी राहिली असती. यावरून बांधकामाच्या सहली निरर्थक ठरत नाहीत, पण जेथे गवंडी कामाच्या शोधात बसले आहेत तेथे अननुभवी विद्यार्थ्यांनी विटा रचणे कोणाच्याच हिताचे नाही, हे लक्षात ठेवावे. त्यापेक्षा स्थानिक शिक्षकांबरोबर सुट्टीतील पवित्र शास्त्र शाळा चालवणे, युवकांच्या शिबिरात हाताखाली काम करणे, संभाषणाचे वर्ग घेणे, किंवा एखादे कौशल्य असेल तर ते तेथील एखाद्या तरुणाला शिकवून येणे, ही कामे अधिक टिकतात.

अनाथाश्रमाच्या भेटींविषयी विशेष सावध राहावे. अशा संस्थांतील अनेक मुलांचे आईवडील वा जवळचे नातेवाईक हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळेच काही ठिकाणी मुले घरापासून दूर ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांवरील ठरावात त्याविषयी चिंता व्यक्त केली. दर दोन आठवड्यांनी नवा गट येतो, मुलाला मिठीत घेतो, त्याला कायम आठवणीत ठेवण्याचे वचन देतो आणि निघून जातो. त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर तो प्रत्येक वेळी एक नवा वियोग असतो. कार्यक्रमात अशी भेट असेल तर तिच्याऐवजी कुटुंबांना आधार देणारे काम मिळेल का, हे विचारा.

याशिवाय संस्थेचे बालसंरक्षण धोरण लेखी आहे का, स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी होते का, हिशेब तपासले जातात का, आणि आजारपण वा दंगल झाल्यास तुम्हाला बाहेर काढण्याची व्यवस्था काय आहे, हे लेखी विचारून घ्यावे. चांगली संस्था अशा प्रश्नांनी दुखावत नाही.

पायरी ३ : कायदा आणि व्हिसा

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा, कारण अनेक देश तशी अट घालतात. व्हिसाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पर्यटक व्हिसावर धार्मिक कार्य करण्यास अनेक देशांत बंदी आहे, आणि "सगळे असेच जातात" हे उत्तर जबाबदार संस्था देत नाही. व्हिसाच्या अर्जात खोटे लिहून सुवार्तेच्या कामाला निघणे हे त्या कामाशीच विसंगत आहे.

काही उदाहरणे पाहा. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेचे कलम २६ दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते, आणि ऑगस्ट २०१८ पासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेनुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगल्यानंतर देशाबाहेर काढले जाते. रशियात जुलै २०१६ पासून मिशनरी कार्यावर कडक बंधने आहेत आणि धार्मिक संघटनेचे लेखी अधिकारपत्र जवळ असावे लागते. नियम बदलत राहतात, म्हणून त्या देशाच्या दूतावासाकडून आणि यजमान मंडळीकडून, दोघांकडूनही, निघण्यापूर्वी खात्री करून घ्या.

नियम मोडल्याचा भुर्दंड नेहमी पाहुण्यालाच पडतो असेही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये २६ वर्षांचा एक अमेरिकन तरुण सुवार्ता सांगण्याच्या हेतूने, प्रवेशाला कायद्याने बंदी असलेल्या, अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटावर गेला आणि तेथे मारला गेला. त्याच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण त्याला बेटापर्यंत नेण्याच्या प्रकरणात सात जणांना अटक झाली आणि बाहेरच्या रोगांची प्रतिकारशक्ती नसलेल्या बेटवासीयांच्या जिवालाही धोका निर्माण झाला, याचा विचार फार थोड्यांनी केला. तुम्ही विमानात बसून परत येता, चौकशीला सामोरे जातात ते तेथील पाळक, दुभाषी आणि ज्यांच्या घरी तुम्ही राहिलात ते कुटुंब. म्हणून बंधने असलेल्या देशात काय बोलावे, कोठे बोलावे आणि काय छापावे, याचा अंतिम निर्णय यजमानांचा असावा, आणि तो तुम्हाला भित्रेपणाचा वाटला तरी पाळावा.

पायरी ४ : पैसा

बहुतेक तरुण देणग्यांच्या आधाराने जातात. देणगीसाठीचे पत्र एका पानाचे असावे आणि त्यात कोठे, कोणाच्या निमंत्रणावरून, किती काळ आणि कोणत्या कामासाठी जात आहात हे असावे; एकूण खर्च विमानभाडे, राहणे-जेवण, विमा, व्हिसा-लसी आणि यजमान मंडळीला द्यायची रक्कम अशा बाबींत फोडून दाखवावा. प्रार्थनेची विनंती आधी आणि पैशाची नंतर लिहावी, आणि ती नुसती शिष्टाचाराची ओळ असू नये: जे पैसे देऊ शकत नाहीत त्यांच्यापैकी दहा-बारा जणांना प्रार्थनासाथी म्हणून नेमून घ्यावे आणि त्यांना ठरलेल्या दिवशी नेमाने कळवत राहावे.

देणगी स्वतःच्या खात्यात घेऊ नका. ती मंडळीच्या वा संस्थेच्या खात्यात जावी आणि दात्याला पावती मिळावी. रक्कम उरली तर तिचे काय होईल आणि जाणे रद्द झाले तर काय होईल, हे पत्रातच लिहून ठेवावे. पौलाने यहूदियातील गरजूंसाठी वर्गणी नेताना एकट्याने जबाबदारी घेतली नाही, इतरांना बरोबर घेतले, आणि त्याचे कारण २ करिंथ ८:२०-२१ मध्ये दिले आहे: या कामी कोणी बोट ठेवू नये आणि प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा. तुमच्या गटानेही दोघांकडे हिशेब द्यावा आणि खर्चाची वही रोज रात्री लिहावी. आठवड्याने लिहायला बसले की रिक्षा, पाणी आणि फोटोकॉपी यांचे आकडे कोणालाही आठवत नाहीत.

पायरी ५ : आरोग्य

निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी प्रवासी आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटा, कारण काही लसींचे एकाहून अधिक डोस असतात. पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचे प्रमाणपत्र डोसनंतर दहा दिवसांनी वैध होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. काही देश त्याशिवाय प्रवेश देत नाहीत. विषमज्वर, कावीळ अ (हिपॅटायटिस ए) आणि धनुर्वात यांच्या लसींविषयीही विचारा. मलेरियाच्या प्रदेशात जात असाल तर प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे तर अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. कुत्रा वा माकड चावले तर जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गटाला त्रास नको म्हणून हे लपवू नये. रस्ते-अपघात हे प्रवाशांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे, तेव्हा रात्रीचा प्रवास आणि हेल्मेटविना दुचाकी या दोन गोष्टींना स्पष्ट नकार द्यावा. विम्यात आपत्कालीन वैद्यकीय स्थलांतराचा खर्च धरलेला असावा.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. तुमचा उन्हाळा हा यजमानांचा उन्हाळा असेलच असे नाही. जून-जुलै महिन्यांत दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो, आणि अनेक देशांत तेव्हा शाळा चालू असतात. दिवसभराची मुलांची शाळा आखून गेलेल्या गटासमोर सकाळी रिकामे अंगण असते. तारखा ठरवण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

पायरी ६ : साक्ष आणि दुभाषी

निघण्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत यजमानांच्या भाषेतील अभिवादन, आभार, क्षमायाचना आणि एखादे उपासनागीत पाठ करावे. त्या देशाचा आणि तेथील मंडळीचा इतिहास वाचावा, विशेषतः परदेशी मिशनरी आणि वसाहतवादी सत्ता यांचे संबंध तेथे कसे होते ते; ते माहीत नसले की श्रोत्यांच्या मौनाचा अर्थ लागत नाही.

आपली साक्ष तीन मिनिटांची लिहून काढा. दुभाषी बरोबर असला की तीन मिनिटांची सहा मिनिटे होतात. "लहानपणापासून मी ख्रिस्ती घरात वाढलो असलो तरी खऱ्या अर्थाने तारणाचा अनुभव मला तेव्हा आला, जेव्हा वडिलांच्या आजारपणात माझा सगळा आधार तुटला आणि मी वधस्तंभापाशी आलो" हे वाक्य दुभाष्याला अर्ध्यात तोडताही येत नाही आणि पूर्ण लक्षातही ठेवता येत नाही. तेच असे सांगावे: "मी ख्रिस्ती घरात वाढलो." थांबावे. "मग माझे वडील फार आजारी पडले." थांबावे. "मला भीती वाटत होती, आणि मी येशूला हाक मारली." प्रत्येक वाक्य स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे. आपल्या मंडळीत सर्रास वापरले जाणारे शब्द प्रथमच ऐकणाऱ्याला कोड्यात टाकतात, म्हणून घडलेली गोष्ट सांगावी. बोलताना श्रोत्यांकडे पाहावे, दुभाष्याकडे नव्हे, आणि सभेपूर्वी अर्धा तास त्याच्याबरोबर बसून संपूर्ण साक्ष व वाचायची वचने त्याला दाखवावीत. घरी याचा सराव करायचा असेल तर एका मित्राला प्रत्येक वाक्यानंतर तेच दुसऱ्या शब्दांत सांगायला लावा. कोणते वाक्य लांब आहे ते ताबडतोब कळते.

दुसऱ्या धर्माविषयी उणे बोलून सुवार्ता सांगता येत नाही. १ पेत्र ३:१५ मध्ये आशेविषयी उत्तर देण्यास सिद्ध राहा असे सांगताना सौम्यता आणि आदर यांची अट घातली आहे, आणि ती ऐच्छिक नाही.

पायरी ७ : प्रत्यक्ष सेवेच्या ठिकाणी

पहिल्या आठवड्यात सूचना करू नका. झाडलोट करा, भाजी चिरा, गाणी शिका, नावे पाठ करा आणि प्रश्न विचारा. लूक १० मध्ये येशू शिष्यांना दोघेदोघे पाठवतो, त्यांना घरे बदलत फिरण्यास मनाई करतो आणि समोर वाढले जाईल ते खाण्यास सांगतो. आजच्या गटालाही या सूचना जशाच्या तशा लागू पडतात. एकट्याने बाहेर जाऊ नये, कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसू नये, आणि पेहराव तेथील मंडळीतील थोरांना रुचेल असाच ठेवावा.

पैसे आणि भेटवस्तू थेट कोणालाही देऊ नयेत. समोरची गरज खरी असते आणि नकार देताना जीव तुटतो, तरीही ती गोष्ट पाळकांच्या कानी घालावी. एका घराला पाहुण्याकडून बूट मिळाले आणि शेजारच्या घराला मिळाले नाहीत, तर तुम्ही गेल्यानंतरचे रुसवे त्यांनाच निस्तरावे लागतात. वचने देताना याहून अधिक जपावे. "मी पुढच्या वर्षी येईन", "तुझ्या शिक्षणाचे पाहू", अशी वाक्ये निरोपाच्या भरात तोंडून जातात आणि ऐकणारा ती वर्षभर धरून बसतो.

छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची. आजारी, अर्धवट कपड्यांतील किंवा रडणाऱ्या मुलाचे छायाचित्र काढू नये, आणि जेथे विश्वासणाऱ्यांना धोका आहे तेथे चेहरे, नावे व ठिकाण काहीही प्रसिद्ध करू नये.

किती जणांनी हात वर केले, किती जणांनी प्रार्थना केली, हे आकडे घरी कळवण्याचा मोह आवरावा. परदेशी पाहुण्याचे मन राखण्यासाठीही लोक हात वर करतात. कोण खरोखर शिकू इच्छितो हे स्थानिक मंडळीला पुढील महिन्यांत कळेल. अशा व्यक्तींची नावे मात्र त्याच दिवशी पाळकांकडे द्यावीत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थकवा, घरची आठवण आणि गटातील कुरबुरी एकदमच येतात. आठवड्यातून एक पूर्ण दिवस विश्रांतीचा ठेवावा, आणि रोज संध्याकाळी गटाने थोडा वेळ एकत्र बसून त्या दिवसाचे खटके त्याच दिवशी मिटवावेत. खरोखर आजारी असाल किंवा मन खचले असेल तर लवकर परतण्यात लाज नाही. पौल व बर्णबा यांचा तरुण मदतनीस योहान मार्क पिर्गाहून परत गेला आणि त्यावरून पुढे पौल व बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद झाला. पण अखेरच्या काळात पौलाने त्यालाच बोलावून घेतले आणि सेवेसाठी तो उपयोगी आहे असे २ तीमथ्य ४:११ मध्ये लिहिले.

पायरी ८ : परतल्यानंतर

परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत मंडळीला वृत्तांत सांगावा. त्यात यजमान मंडळीचे काम केंद्रस्थानी ठेवावे, तिची अडचण तिच्याच पाळकांच्या शब्दांत मांडावी, आणि हिशेबाचे पान दात्यांना पाठवावे. घरचे जीवन एकाएकी उथळ वाटू लागणे, इतरांच्या सुखसोयींचा राग येणे, हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. तो राग व्यासपीठावरून व्यक्त न करता पाळकांशी किंवा आधी जाऊन आलेल्या एखाद्या थोराशी बोलावे. ताप आला तर, प्रवासाला काही महिने उलटले असले तरी, आपण मलेरियाच्या प्रदेशात जाऊन आलो आहोत हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

यजमानांना महिन्याभरात पत्र लिहून आभार माना आणि पुढच्या गटाने काय वेगळे करावे ते त्यांना विचारा. पाहुण्याला दोष सांगणे अनेकांना अवघड जाते, म्हणून प्रश्न नेमका असावा: कोणता कार्यक्रम आम्ही गेल्यानंतरही चालू आहे, कोणता बंद पडला, आणि आमच्या राहण्या-जेवणाचा भार कोणावर पडला? आलेले उत्तर संस्थेला आणि आपल्या पाळकांना दाखवावे. तेथे भेटलेल्या मुलांशी परस्पर संपर्क ठेवू नये. त्यांची पत्रे आणि तुमची उत्तरे यजमान मंडळीच्या हातूनच जावीत.